एका डोक्याचं तेल

शिळफाट्याला मुंबईकडून आलेले ट्रक थांबतात, घाट उतरून पुण्याकडून आलेले ट्रक थांबतात, आणि ज्यांना कुठंच जायचं नाही अशी माणसंसुद्धा थांबतात. पण पाठीपासून टाचेपर्यंत खोबरेल तेल निथळतंय असा माणूस सायकलवरून येऊन थांबलेला हिरूने ऐंशी सालच्या त्या ऑक्टोबरपर्यंत पाहिला नव्हता. त्याच्यामागून फाट्यावरची कुत्री येत होती. भुंकत नव्हती. वरातीत चालावं तशी अदबीने चालत होती.

हिरू आईच्या सरबताच्या टपरीवर बसली होती. समोर मेणबत्ती, हातात हॅक्सॉचं पातं. प्लास्टिकच्या लांब नळीत सरबत भरायचं, तोंडाशी पातं धरायचं, वर उरलेली कड ज्योतीवरून अलगद फिरवायची... की नळी बंद. मग ती बर्फात. तिच्या हातची नळी कधी गळली नव्हती, आणि ही गोष्ट ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

तिने एकदा माणसाकडे पाहिलं, एकदा कुत्र्यांकडे.

“तेल कुणाला घातलंय? तुमाला का सायकलीला?”

“बाटली फुटली पिशवीत,” तो म्हणाला. “आईनं दिली होती. प्रवासाला.”

“केवढी होती?”

त्याने हाताने दाखवली. हिरूला वाटलं, हा बाटली नाही, बारशाचं बाळ दाखवतोय.

“आणि प्रवास कुठला? हिमालय?”

“बंगलोर. सायकलवर.” एवढं बोलून तो जरा ताठ झाला. तेलाने निथळत असताना ताठ होणं सोपं नसतं. पण त्याला ते जमलं, आणि हिरूच्या मनात त्याच्याबद्दल पहिली नोंद झाली ती तिथे.

नाव कान्हा. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. समोरच्या रमजानचाचांच्या सायकल दुकानातून दर वर्षी दिवाळीनंतर चार पोरं लांबच्या सफरीला निघायची, आणि चाचांचा नियम एकच होता. निघायच्या सकाळी प्रत्येकाचं सामान तराजूवर. एका पारड्यात पाच किलोचं वजन, दुसऱ्यात पिशवी. पिशवी खाली गेली, की माणूस घरी गेला. गेल्या वर्षी कान्हा असाच घरी गेला होता. त्याच्या आईने सामानात पाट दिला होता. बसून जेवायला.

“तो पाट?” हिरूने विचारलं.

“चाचांकडंच हाय. ते बसतात त्याच्यावर.”

या वेळी त्याने दोन वर्षांची रजा साठवली होती. ती पुन्हा मिळायची नव्हती. आणि चाचांनी एक राखीव गडी तयार ठेवला होता, कमळ्या. कमळ्याकडे सामान म्हणून फक्त एक कंगवा होता. कमळ्या रोज दुकानाच्या पायरीवर बसून केस विंचरायचा आणि कान्हाकडे बघायचा.

“तुमाला रोज तेल किती लागतं?” हिरू म्हणाली.

“एका डोक्याला लागतं तेवढं.”

“मग बाटली किती डोक्यांची होती?”

हिरूने एक रिकामी नळी बोटभर कापली, टपरीतल्या तेलाच्या बुधल्यातून धार सोडली, पातं लावलं, कड ज्योतीवरून फिरवली. इवलीशी, फुगीर, मधासारखी चमकणारी नळी तिने त्याच्या तळव्यावर ठेवली.

“हे एका डोक्याचं तेल. एकदा फोडायचं, लावायचं, संपलं. बाटली नाय, वजन नाय, कुत्री नाय.”

कान्हाने नळी मेणबत्तीसमोर धरून पाहिली. मग नळीच्या आडून तिच्याकडे पाहिलं. ती नळी फार मोठी नव्हती. आड होण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

“आणि... मंजनाचं पण होईल?”

“मंजनाचं माप दातांवर. हसा बघू.”

तो हसला. हिरूने दात मोजायला घेतले आणि मध्येच आकडा विसरली. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. तिने शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“हसत राहा,” ती म्हणाली. “घाई नाय.”

दुसऱ्या दिवसापासून कान्हा कारखाना सुटला की टपरीवर. हिरूची आई धोंडूबाई गिऱ्हाईक बघायची आणि ही दोघं मापं काढत बसायची. तेल म्हणजे सरबत नव्हे. ज्याचं डोकं, त्याच्यावर करून बघायला लागतं, असा हिरूचा दंडक. मंजनाचं तर भांडणच झालं. त्याची चिमूट घेतली तर नळी ठासून भरायची, तिची घेतली तर त्याचे अर्धेच दात व्हायचे.

“तुजी चिमूट खरी का माजी?” एव्हाना ‘तुमी’चं ‘तू’ झालं होतं. कधी झालं, ते धोंडूबाईलासुद्धा कळलं नाही, आणि तिला फाट्यावरचं सगळं कळायचं.

“दोन्ही टाक,” हिरू म्हणाली. “भांडण नको.”

मग तेच ठरून गेलं. मंजन त्याची एक चिमूट, तिची एक. तेल आधी त्याच्या डोक्यावर करून बघायचं, मग ‘जमतंय का’ म्हणून तिच्या वेणीला. दोन्ही मिळून जे लागलं ते नळीत. हे असं का, हे हिरूने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर आलं असतं, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं.

अंगाचा साबण तिने आईच्या किसणीवर किसला आणि मेणकागदात एकेका अंघोळीची घडी बांधली. त्या रात्री घरातल्या खोबऱ्याच्या चटणीला फेस आला. धोंडूबाईने चटणी चाखली, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “कान्हाला सांग, अंघोळ घरी करून येत जा.”

मग औषधांची पाळी. टिंचरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा, मलम, पट्टी, पोट बिघडलं तर मीठ-साखर.

“तुला साधारण केवढी जखम होते?” हिरूने पातं पुसत विचारलं.

“म्हंजे?”

“बोळा केवढा करू? उगाच मोठा केला तर वजन.”

कान्हाने विचार केला. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला, पँट वर केली आणि सोललेलं ढोपर टपरीच्या फळीवर ठेवलं.

“माप आणलंय.”

“मुद्दाम पडलास?” हिरू ओरडली.

“पडायला घाट चढून गेलो. म्हटलं, खरं माप पायजे.”

हिरूने बोळा लावला. टिंचर झोंबलं, तो ‘स्स’ करणार तेवढ्यात ती फुंकर घालायला वाकली, आणि त्याचं ‘स्स’ तोंडातच राहिलं. तिच्या फुंकरीने मेणबत्ती विझली. कुणीच ती लगेच लावली नाही. घाटाकडून वारा येत होता, आणि अंधार पडला नव्हता तरी दोघांनाही काड्यापेटी सापडत नव्हती. ती हिरूच्या हातात होती.

शेवटी काडी ओढली तर वाऱ्याने ज्योत थरथरायला लागली. कान्हाने दोन्ही तळवे तिच्याभोवती धरले. हिरू त्या ओंजळीत नळ्या बंद करत बसली... एक, मग दुसरी... आणि त्या दिवशी तिने सरबताच्याही सगळ्या नळ्या तिथेच बंद केल्या, ज्यांची त्या दिवशी मुळीच गरज नव्हती.

“हात भाजतायत का रं?” तिने विचारलं.

“नाय.”

भाजत होते. दोघांनाही माहीत होतं.

नळी अंधारातही ओळखता यावी म्हणून तिने कोपऱ्यांची खूण केली. तेलाचा एक कोपरा तिरका, मंजनाचे दोन, बामाला गाठ. डोळे मिटून ओळखायचा सराव कान्हा करायचा. एकदा त्याने बामाने दात घासले आणि दिवसभर फार गार हसला.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या सकाळी रमजानचाचांनी दुकानासमोर तराजू टांगला. शेजारच्या धान्याच्या दुकानातून मागून आणलेला. अर्धा फाटा जमला. बाकीच्या तिघांच्या पिशव्या झाल्या, पास झाल्या. कान्हाची पिशवी केवढीशी! पाट नाही, बाटली नाही, ट्रंक नाही. त्याने ती पारड्यात ठेवली आणि हिरूकडे बघून भुवई उडवली.

पारडं खाली गेलं.

चाचांनी पारडं झटकून पाहिलं. वजन उलटं करून पाहिलं. पारडं खालीच.

पायरीवर कमळ्याने कंगवा खिशात ठेवला आणि उठून उभा राहिला.

“असं कसं?” कान्हा म्हणाला. “सगळं एकेका वेळेचं हाय, चाचा! एका डोक्याचं तेल, एका तोंडाचं मंजन...”

“बघू,” म्हणत चाचांनी एक नळी काढून फोडली. चाचांच्या स्वतःच्या डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे त्यांना पुराव्यासाठी डोकं उसनं घ्यायला लागलं. “कमळ्या, इकडं ये. वाक.”

तेल कमळ्याच्या केसांत गेलं. केस संपले, तेल संपेना. कपाळावर आलं, कानामागून उतरलं, कॉलरमध्ये गेलं. कमळ्याची दिवाळी दुसऱ्यांदा झाली.

“हे एका डोक्याचं नाय,” चाचा म्हणाले. मग मंजनाची नळी फोडली. कमळ्याने दात घासले, परत घासले, तरी अर्धी नळी उरली. चाचांनी चष्मा काढला आणि टपरीकडे वळले. आवाजात रागापेक्षा वाईट वाटणंच जास्त होतं. “हिरू, पोरी... माप चुकलं गं तुझं. चार नळ्यांच्या पायी पोरगा राहतो बघ.”

हिरू टपरीतून उठली. रस्ता ओलांडून आली. हातात अजून पातं होतं. चुकलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच करायचं होतं. कुणी हसलं असतं, कान्हा घरी गेला असता, रजा संपली असती, तो पुन्हा रोज संध्याकाळी टपरीवर येऊन बसला असता. सगळं तिच्या सोयीचं होतं. फक्त ते खोटं होतं, आणि वर तिच्या हातावर ठपका होता.

“माजं माप कदी चुकत नाय, चाचा,” ती म्हणाली.

“मग हे काय?”

“दोघांचं हाय ते.”

फाट्यावर एक ट्रक उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. नीट ऐकू यावं म्हणून.

“दोघांचं?” चाचा म्हणाले. “दुसरं कोन?”

“मी?” तेलाने चकाकत कमळ्याने विचारलं.

हिरूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. कमळ्या परत पायरीवर जाऊन बसला.

कान्हाच्या चेहऱ्यावर तेल नव्हतं, तरी तो पहिल्या दिवसासारखा दिसत होता. चाचांना मात्र वेळ नव्हता. ऊन चढायच्या आत घाट चढायचा होता.

“हे बघ, कान्हा. अर्ध्या नळ्या काढ. वजन बसंल. हिरूच्या वाटणीचं इथंच ठेव.”

“एकबी काढणार नाय,” कान्हा म्हणाला.

“मग कमळ्या जाईल.”

“कमळ्यानं जायचं नाय. पाना द्या.”

“काय?”

“पाना.”

कान्हा फिटर होता. त्याने आधी सायकलचा स्टँड काढला. मग चेनकव्हर, मग दोन्ही मडगार्ड, शेवटी घंटी. एकेक वस्तू चाचांसमोर त्या पाटावर मांडली.

“अरे, वजन सामानाचं करतो आपण, सायकलीचं नाय!”

“घाटाला काय माहीत, चाचा, वजन पिशवीत हाय का सायकलीत?”

चाचांनी यावर बराच वेळ विचार केला. त्यांनी आयुष्यभर तोच घाट चढला होता, आणि त्यांना आठवेना की घाटाने कधी हा फरक केला होता.

“बरं,” ते म्हणाले. “पन घंटी? घंटीशिवाय गर्दीत बाजूला कोन होईल?”

“ओरडीन.”

“काय ओरडशील?”

कान्हाने हिरूकडे पाहिलं. तिने पातं पदराला पुसायला घेतलं होतं आणि पदराला बारीकशी चीर पडली, इतकंच.

“वाटेत सुचंल,” तो म्हणाला आणि निघाला.

पहिले काही दिवस हिरूने सरबताच्या नळ्या मापात भरल्या. कुणी विचारलं तर सांगायची, “मला काय, गेला तर गेला. येईल तेव्हा येईल.” हे ती न विचारताही सांगत होती.

मग एक ट्रक थांबला. साताऱ्याचा ड्रायव्हर, मिशीला पाणी लावत टपरीपाशी आला.

“इथं हिरू कोन हाय वो?”

“कशाला?” धोंडूबाई म्हणाली.

“कराडच्या अलीकडं एक सायकलवाला भेटला. घंटी नाय, मडगार्ड नाय, आन मागून एकदम ओरडला... हिरूऽऽ! म्हणून. मी दचकून गाडी मातीत घातली. इचारलं तर म्हणाला, शिळफाट्याला जाताय तर सरबत प्या.”

हिरूने त्याला सरबत दिलं. दोन दिलं.

“माज्या पोरीचं नाव हायवेभर सांडत चाललाय मेला!” धोंडूबाईने कपाळावर हात मारला.

दोन दिवसांनी निपाणीकडचा ड्रायव्हर आला. तिथे म्हशींचा कळप रस्त्यात बसला होता, कुणाच्या हॉर्नने हलत नव्हता. सायकलवाला ‘हिरू’ म्हणून ओरडला आणि म्हशी उठल्या. “आता आमीबी तसंच म्हणतो,” तो म्हणाला.

“आवाज कसा होता त्याचा?” धोंडूबाईने विचारलं.

“खणखणीत.”

“मग पोट ठीक हाय,” ती म्हणाली, आणि मग आपण हे का विचारलं म्हणून स्वतःवरच चिडली.

सगळ्यात शेवटी आला तो पगडीवाला ड्रायव्हर. त्याने हात जोडले. “बेटी, ये हिरू क्या होता है? हमारा हॉर्न खराब था. दावणगिरी से यही चिल्लाता आया हूँ. रास्ता मिलता है.”

“मैं होती हूँ,” हिरू म्हणाली. तिने हे असं सांगितलं की जणू फाट्यावर दर वर्षी कुणी तरी ही चौकशी करायला येतंच.

पण त्यानंतर ट्रक आले आणि कुणी काही विचारलं नाही. थंडी पडली. बर्फातल्या सरबताला गिऱ्हाईक राहिलं नाही. हिरू रिकाम्या नळ्या कापायची आणि तशाच ठेवून द्यायची. एका दुपारी तिने सरबताऐवजी नळीत तेल भरलं आणि आईने ते पाहिलं. धोंडूबाईने मेणबत्ती उचलून आडोशाला सरकवली.

आणि तेवढ्यात घाटाकडून आवाज आला.

खणखणीत नव्हता. घसा पार बसलेला होता, फाटक्या पिपाणीसारखा. पण पहिल्या वळणावर आला, दुसऱ्या वळणावर आला, मग उतारावर एकसारखाच. “हिरू... हिरूऽ... हिरूऽऽ!” फाट्यावरचे ट्रक बाजूला झाले. हातगाडीवाले बाजूला झाले. कुत्री उठली, वास घेतला आणि त्यांनाही जुनी ओळख पटली. शिळफाट्याच्या भर रस्त्यात एकच माणूस हलला नाही. हिरू.

ब्रेक करकरले. पुढचं चाक तिच्या पायाशी येऊन थांबलं. कान्हा काळा पडला होता, दाढी वाढली होती, आणि श्वास घेत तो म्हणाला, “बाजूला... व्हायचं... असतं गं!”

“सगळे झाले की. मी कशाला होऊ? हाक मलाच होती.”

तो हसला. तिने लगेच दात पाहिले. लख्ख होते.

“माज्या वाटणीचं मंजन काय केलंस?”

“दोनदा घासले. एकदा माजे, एकदा तुजे.”

“आन तेल?”

त्याने खाली बोट दाखवलं. बंगलोरपर्यंत जाऊन आलेल्या सायकलची साखळी अशी चमकत होती, जशी लग्नातली असावी. बाकीचे तिघे मागून आले ते करकरत आले. त्यांच्या साखळ्यांना हे नशीब नव्हतं.

“एक उरलीय,” कान्हाने खिशातून नळी काढली. एक कोपरा तिरका. “फोडवंना. दोघांची हाय ना ही. एकट्यानं कशी संपवू?”

हिरूने नळी घेतली, दाताने कोपरा तोडला. “घे. हात कर पुढं.”

“कसा करू? सायकलीला स्टँड नाय. सोडली तर पडंल.”

हे खरं होतं. स्टँड समोर पाटावर पडला होता, चाचा त्याच्या शेजारी बसले होते, आणि ते उठून आणून देतील अशी काही चिन्हं दिसत नव्हती. उलट त्यांनी तो हळूच मांडीखाली सरकवला.

हिरूने एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा आईकडे, एकदा थांबलेल्या ट्रकांकडे. मग नळीतलं अर्धं तेल आपल्या केसांवर ओतलं, उरलेलं अर्धं तळव्यावर घेतलं, आणि शिळफाट्याच्या भर चौकात, दोन्ही हातांनी सायकल धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ते थापलं आणि नीट, न घाबरता, चोळायला लागली.

“हळू...” तो पुटपुटला.

“गप. माप बघतेय.”

धोंडूबाई टपरीतून खाली उतरली. ती जवळ आली, कान्हाच्या कपाळावरून ओघळणारं तेल पदराने टिपलं, आणि म्हणाली,

“मेल्या, लग्नाआदीच बंगलोरपर्यंत नाव घेऊन आलास. आता मांडवात पायलीभर बायका म्हणतील, नाव घे नाव घे... तवा काय करशील?”

कान्हाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घसा बसला होता. आवाज निघाला नाही.

“तवा मी घेईन,” हिरू म्हणाली. “त्यानं त्याच्या वाटणीचं घेतलंय.”